ओठ तेवढे हलवा

"अक्का, आवाज काढायचा नाही. तुमचा गळा आता चिरकतो. ओठ तेवढे हलवा," पर्यटन केंद्राच्या मॅडमनी पुन्हा बजावलं. बाहेर सहलीची बस येऊन थांबली होती.

हौसाक्का जात्यापुढं बसली. स्पीकरमधून तिचाच जुना, खणखणीत आवाज सुरू झाला. ओव्या मरून जाऊ नयेत म्हणून शहरातल्या लोकांनी कधीकाळी तिच्याकडून त्या गाऊन घेतल्या होत्या. ओवीत बाई आपल्याच माणसांची नावं गुंफते. तिनंही पोराचं गुंफलं होतं.

'उगवत्या देवा, तुला मनातलं मी सांगते,
माझ्या सर्जेरावासाठी औक्ष उदंड मागते.'

सर्जेराव गेल्या दिवाळीत उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला. तेवढी एक ओवी वगळा म्हणून हौसाक्कानं मॅडमचे पायसुद्धा धरले होते. "अहो, तीच तर लोकांना सगळ्यात आवडते! आणि जतन केलेल्यात आपल्याला हात घालता येत नाही," असं म्हणून मॅडमनी पाय सोडवून घेतले होते.

आज ती ओवी आली तशी तिनं दातांवर दात दाबले. हात जातं ओढत राहिले, ओठ मात्र उघडले नाहीत.

"आजी, हे काय? सगळा व्हिडिओ वाया गेला की माझा!" पुढं बसलेली पाहुणी मोबाइल खाली घेत फणकारली.

"सॉरी हं, परत लावते," मॅडम लगबगीनं म्हणाल्या. मग हौसाक्काच्या कानाशी वाकल्या. "आणि अक्का, पोराचं नाव आलं की जरा हसा. आई वाटली पाहिजे."