नुसता संशय

पाळणाघरात काम करणाऱ्या कॉरिनला दुपारी तीन वर्षांच्या मेसीचा स्वेटर काढताना तिच्या दंडावर बोटांचे निळे वळ दिसले. तिने तिथल्या मालकीणबाईंना, मिसेस टॅकेटना, बोलावलं. “अगं, तिचा बाप डेप्युटी शेरीफ आहे, इथला पोलीस! मी बोलते त्याच्याशी. तू गप्प राहा.” “पण प्रशिक्षणात सांगितलंय, नुसता संशय आला तरी ज्याने पाहिलं त्यानेच सरकारला कळवायचं.” “प्रशिक्षण दरवर्षी होतं, पोरी. राहायचं मात्र याच गावात.” कॉरिनने स्वयंपाकघरात जाऊन सरकारी बालसंरक्षण कार्यालयाला फोन केलाच. तासाभरात मेसीचा बाप गणवेशातच दारात उभा. “आमच्या ठाण्यात कळलं, माझ्यावर तक्रार झालीय म्हणे. कुणी केली?” “मी,” कॉरिन म्हणाली. त्याने आत येऊन शांतपणे कडी लावली. मेसीला उभ्या उभ्याच शू झाली. ती रडली नाही. मिसेस टॅकेट तिच्या ओल्या मोज्यांकडे बघत राहिल्या, मग कॉरिनशेजारी येऊन उभ्या राहिल्या. “आम्ही दोघींनी,” त्या म्हणाल्या.