बाबांना हवा तो आवाज

पंधरा वर्षं माळ्यावर धूळ खात पडलेला बाबांचा बँडमधला स्नेअर ड्रम लेकीने नव्याच्या दुप्पट पैसे मोजून दुरुस्त करून घेतलाच. वर नवा पडदा आणि तळाला झणझणणाऱ्या नव्या तारा लावून कारागीर तो घरी घेऊन आला. बाबांनी काठ्या चालवल्या आणि तोंड वाकडं केलं. “आवाज तो नाही.” कारागिराने चावीने स्क्रू आवळले. “छे!” सैल केले. “अंहं.” “काका, तो जुना आवाज मी आणू तरी कुठून?” कारागीर रडकुंडीला आला. लेकीनेही डोक्याला हात लावला. शेवटी त्याने तारा करकचून ताणल्या, बाबांनी काठ्या फिरवल्या आणि घर दणाणलं. तोच खालच्या मजल्यावरून छताला झाडूच्या दांड्याचे ठोसे बसले. पाठोपाठ म्हातारी शेजारीण कडाडली, “झाली का पुन्हा सुरू तुमची थेरं?” बाबांची कळी खुलली. “जमलं बघा! आता ती चावी खिशात घाला.”