हकिमांची सळई

निजामशाहीच्या काळी जुन्नरच्या त्र्यंबकभट वैद्यांची नजर मोतीबिंदूने पार गेली. भाऊबंद अडवत असतानाही ते इराणी हकीम काझिमसाहेबांच्या दारी गेले.

हकिमांनी त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवलं. तांब्याची बारीक सळई डोळ्यात शिरली तसं वैद्यांनी धोतर मुठीत आवळलं. अंधारात हळूहळू दुधासारखा उजेड पसरला. मग हकिमांनी डोळ्यावर तुपात भिजवलेली घडी ठेवून पट्टी बांधली.

वासाने वैद्य चमकले. "माझे आजोबा मोतीबिंदू काढल्यावर असंच तूप लावायचे. त्यांच्यामागे आमच्या घरातून ही विद्या बुडाली. आपण कुठे शिकलात?"

"शिराझला, वडिलांकडे. ते सांगायचे, ही रीत फार पूर्वी हिंदुस्थानच्या वैद्यांकडून बगदादला गेली, तिथून आमच्याकडे आली."

किती बंदरं, किती भाषा, किती अनोळखी हातांतून ती फिरली असेल, या विचारात वैद्यांना दुखण्याचाही विसर पडला.

काही दिवसांनी पट्टी सुटली. समोरचा पांढऱ्या दाढीचा चेहरा दिसू लागला.

"साठी उलटली माझी," वैद्य संकोचून म्हणाले, "तरी शिकवाल?"

"आधी हात थरथरतात का पाहू," म्हणत हकिमांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.