खालची सावली

मंगळवारी भरदुपारी द्रावा नदीवरच्या पुलाचे मी पाच फोटो काढले, काही कमी उजेडाचे, काही जास्त. घरी कॉम्प्युटरवर त्या पाचांचा एक करत बसलो होतो. फोटोतलं ओ की ठो न कळणारे बाबा मागे येऊन उभे राहिले.

"येर्नेय, कमानीखालची सावली राहू दे रे. तसाच छान दिसतोय पूल."

"बाबा, तुम्ही आपले गिरणीतले माग सांभाळा," मी हसलो आणि कमानीखालचा दगडन् दगड उजळून टाकला.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शनात तो भिंतभर लावला होता. शेजारच्या स्लाविका मावशींनी कमानीखाली बोट दाखवत आईला विचारलं, "अगं झदेन्का, हा कोण गं, मान खाली घालून एकटाच खात बसलाय?"

आई रोज पहाटे ज्या लाल चौकड्यांच्या फडक्यात बाबांना गिरणीत न्यायला पाव बांधून देते, तेच फडकं गिरणीच्या ऐन पाळीच्या वेळी त्या माणसाच्या मांडीवर होतं. बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

 

"असेल कुणी वाटसरू," आई म्हणाली, आणि हॉल बंद होईपर्यंत फोटोच्या त्या कोपऱ्याला पाठ लावून उभी राहिली.