शुक्रवारच्या आत

"दहा कोटी वर्षं टिकली पाहिजे," नुरझादा म्हणाली, "आणि शुक्रवारच्या आत हवी."

तोक्तोसुननं छिन्नी खाली ठेवली. किर्गिझस्तानातल्या बालिकचीच्या रस्त्यावर चाळीस वर्षं तो मेलेल्यांचे चेहरे काळ्या दगडावर कोरत आला होता. मेलेल्याच्या घरचे वर्ष भरल्याचं जेवण जवळ येईपर्यंत दगडाचं नाव काढत नाहीत. घाई करणारं गिऱ्हाईक त्याला एकच आठवत होतं, जुमाबाय मास्तर. तो स्वतःचाच दगड सांगायला आला होता.

"तीन वर्षं आहेत म्हणालात ना मॅडम? की ताऱ्यांवरच्या पाव्हण्यांनी लवकर बोलावलंय?"

ती हसली नाही. नानचा तुकडा मोडून तिनं तसाच ताटलीत ठेवला. "यान शुक्रवारी सुटतंय. गुरुवारी माणूस येईल फरशी न्यायला."

ताऱ्यांकडे जाणाऱ्या यानावर बसवायच्या त्या फरशीवर सूर्य होता, त्याचे ग्रह होते, आपल्या ग्रहावर खूण होती. खाली मनानंच काढलेला एक पुरुष आणि एक बाई. त्यांच्यामधली जागा कोरी होती. तिथे यान पाठवणाऱ्या समितीला खऱ्या मुलाचा चेहरा हवा होता, आणि वसंतात समितीच्या नुरझादानं तोक्तोसुनच्या नातीचा, बेगिमायचा, फोटो पसंत केला होता. तेव्हा तो भिडेखातर हो म्हणून बसला आणि मग टाळत राहिला. जिवंत माणूस दगडावर घ्यायचा नाही, ही बापानं छिन्नी देताना घातलेली अट होती.

"दुसरं पोर घ्या. गेलेलं. माझ्याकडे फोटो पडलेत."

"उस्ताद, ही फरशी कुणाच्या हाती लागेल तोवर..." तिनं बाहेर पाहिलं.

खिडकीतून तिची गाडी दिसत होती. टपावर पिठाची पोती, मागे तिची म्हातारी आई आणि दोन्ही मुलं. भर शाळेच्या दिवशी.

"कुठे निघालात?"

"वर, डोंगरात. नारीनला."

"किती दिवस?"

तिनं फरशीवरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तोक्तोसुननं नातीला हाक मारली आणि उजेडात स्टुलावर बसवलं.

"आजोबा, तुम्ही तर मेलेल्यांनाच काढता!"

"हलू नकोस."

पांढऱ्या पेन्सिलीनं त्यानं पोर उतरवली. मग तिच्या मुठीभोवती एक मोठा हात काढला, फरशीच्या कडेतून आत आलेला. अंगठ्याचं टोक तुटलेलं.

"हा आराखड्यात नाही," नुरझादा म्हणाली. "समितीला विचारावं लागेल."

"विचारा ना. शुक्रवारच्या आत उत्तर येईल?"

तिनं चित्रातला अंगठा पाहिला, मग त्याचा. "तिकडच्या पाव्हण्यांना वाटेल, माणसाचा अंगठा असाच असतो."

"वाटू दे. पोर एकटी नव्हती, एवढं कळलं तरी पुरे."

त्यानं छिन्नी उचलली. नुरझादा निघाली, पण तिची गाडी बराच वेळ दारातच अडकून राहिली. डोंगराकडे निघालेल्या गाड्यांची रांग तिला आत घेत नव्हती. खाली शहराकडे एकही गाडी जात नव्हती.