सासऱ्यांचा भुंगा

भुंगा पुन्हा आला.

सुनेनं स्टेजवरच्या टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. दोन्ही स्पीकर घुमत होते. हूंऽऽऽ... रिकाम्या खुर्च्यांवरून तो आवाज ऐटीत फिरत होता, जणू तिकीट काढून आलाय.

"गेला का गं तो?" विंगेतून सासूबाईंनी विचारलं.

"निघालाय, आई."

"लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून निघालाच आहे तो!"

सासूबाई गाणाऱ्या. गळा आणि टाळी, तिसरं काही नाही. पेटी नको, तंबोरा नको. कुबड्या लंगड्याला लागतात, असं त्या चारचौघांत म्हणायच्या. साउंड मात्र घरचा, सासऱ्यांचा. आणि सासऱ्यांचा साउंड म्हटला की भुंगा आलाच. लोक त्यांना भुंगामास्तर म्हणत. ते नुसते हसत. आता त्यांचे गुडघे थकले होते आणि सेट सुनेच्या हाती आला होता. सून हे काम रीतसर शिकलेली. संध्याकाळचा कार्यक्रम तिचा पहिलाच.

"आज भुंगा गुणगुणला," सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "तर पुढच्या कार्यक्रमाला बाहेरचा माणूस. घरची माणसं घरीच बरी."

सुनेनं एकेक माइक काढला. भुंगा होताच. वायरी बदलल्या. होताच. स्टेजचे दिवे घालवले, मिक्सरवरचे सगळे आवाज खाली ओढले, तरी तो आपला मजेत. म्हणजे माइक निर्दोष, गडबड विजेकडं. ती वायरीचा माग काढत निघाली. मिक्सरचा प्लग पुढच्या बोर्डात होता. अँप्लिफायरचा मात्र पार मागच्या भिंतीवरच्या बोर्डात. त्या प्लगला लाल फीत बांधलेली. दर कार्यक्रमाला सासरे तेवढा एक प्लग दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. "हा मी लावतो," म्हणत आणि लंगडत मागं जात. आजही तेच गेले होते. म्हाताऱ्या माणसाची सवय, म्हणून कुणी काही बोलत नसे.

सुनेनं कपाळावर हात मारला. दोन बोर्ड, दोन अर्थिंग. दोघांची कुरबुर मधल्या वायरीतून स्पीकरवर येत होती. तिनं लाल फितीचा प्लग काढला, पुढं आणला आणि मिक्सरच्या शेजारी बसवला.

भुंगा उडाला. अशी शांतता पसरली की मागच्या रांगेवरचा पंखा कुरकुरतोय, तेही ऐकू आलं.

"बाबा, पळवला!" ती ओरडली.

पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या सासऱ्यांचा चेहरा पडला. "छान केलंस," ते म्हणाले. "पण..."

"पण काय?"

तोवर सासूबाई माइकसमोर आल्या होत्या. शाल सावरली, टाळी धरली.

*नदीच्या गं तळी वाळू चालते मुक्यानं,*
*लाट म्हणे बाई, मी गं चालते एकटीनं...*

पहिली ओळ नीट गेली. दुसरीत सूर घसरला. परत पहिलीवर आल्या, तर ती भलत्याच पट्टीत. सासूबाई थांबल्या. कोमट पाणी प्यायल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा लाट वाट चुकली. त्यांचा हात गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

"वय झालं गं माझं," त्या म्हणाल्या. हा आवाज सुनेनं कधी ऐकला नव्हता. "कार्यक्रम रद्द करा म्हणावं. आणि इथून पुढं मला कुणी गा म्हणू नका."

सून मिक्सरकडं धावली. तिच्या आधी सासरे तिथं पोचले होते. भिंतीला धरून, कण्हत, ते लाल फितीच्या प्लगापाशी वाकायला बघत होते.

"बाबा," ती कुजबुजली, "तुम्ही हे मुद्दाम...?"

"वीज कुठल्याही गावची असो, एकाच पट्टीत गुणगुणते," सासरे हळूच म्हणाले. "ती पट्टी हिच्या गळ्याला चपखल बसते. टेकायला काही नसलं की ही भरकटते. तेवढं हिला मात्र कळता कामा नये."

"आणि घरी? आई तर स्वयंपाकघरात रियाज करतात, त्या जुन्या फ्रिजला टेकून..." ती मध्येच थांबली. "म्हणून तुम्ही तो बदलू देत नाही!"

"त्याची घरघर आहे तोवर चिंता नाही."

"लोक तुम्हाला भुंगामास्तर म्हणतात, बाबा. आईसुद्धा."

"म्हणू दे की. तिच्या तोंडून गोड लागतं."

ते पुन्हा वाकू लागले. गुडघा कट्कन वाजला. सुनेनं त्यांना खुर्चीवर बसवलं. एकदा मिक्सरकडं बघितलं, जिथं आज तिचं नाव व्हायचं होतं. मग तिनं प्लग उपसला, मागच्या भिंतीपाशी गेली आणि स्वतःच्या हातानं तो दुसऱ्या बोर्डात खुपसला.

हूंऽऽऽ...

"आला का परत मेला!" सासूबाई कडाडल्या. "आत्ता तर गेला होता ना?"

"नाही जमलं मला, आई," सून मान खाली घालून म्हणाली.

सासूबाईंनी तणतणत टाळी धरली. रागारागानंच सूर लावला. आणि तो लागला. पहिली ओळ लागली, दुसरी लागली, लाट अशी डौलात चालू लागली की सभागृहाच्या भिंती भरून आल्या. पहिल्या रांगेत सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

गाणं संपवून सासूबाईंनी सुनेकडं बघितलं. आता त्यांचा राग कुठल्या कुठं गेला होता.

"जाऊ दे, बाहेरचा माणूस नको," त्या म्हणाल्या. "सासरा तसा, सून तशी, एका माळेचे मणी! पण माझ्याकडं बघून एवढं तरी शीक. इतक्या भुंग्यातसुद्धा सूर कसा धरायचा, ते मला विचार."