कवडा म्हणजे काय

"कवडा म्हणजे काय, एवढंच सांगा बाई," अधिकारी म्हणाला. त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि न विचारता खुर्ची ओढली.

शब्दकोशाच्या कचेरीत सगळ्यांचे हात थांबले. संपादक ताईंच्या धाकट्या भावाला काल साहेबांच्या काव्यसभेतून उचलून नेलं, हे सगळ्यांच्या कानावर आलं होतं. साहेब देश चालवत आणि उरलेल्या वेळात कविता करत. लोक दोन्ही मुकाट्याने सोसत.

भाऊही कविता करायचा. त्याने घसा खाकरला की घरात प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं. "आला आमचा कवडा," ताई चिडवायच्या. कवडा म्हणजे ओढूनताणून यमकं जुळवणारा, भिकार कवी. गधड्याने घरातला शब्द भरसभेत साहेबांना लावला असणार, हे ताईंनी कालच ओळखलं होतं. तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"तो नेमकं काय बोलला?" त्यांनी विचारलं. "वाक्य पाहिल्याशिवाय आम्ही अर्थ देत नाही."

"आज द्या."

"भाऊ कसा आहे माझा?"

"अजून तरी बरे आहेत. पुढचं तुमच्या उत्तरावर आहे."

आयुष्यभर ताई एकाही शब्दाशी खोटं वागल्या नव्हत्या.

"फार मानाचा शब्द आहे," त्या म्हणाल्या. "कवडा म्हणजे महाकवी. साध्या कवीच्या कितीतरी वरचा. जुना आहे, म्हणून लोकांना ठाऊक नाही."

शेजारच्या टेबलावर सहायकाने मान खाली घातली.

"चेष्टेत वापरतात का कोणी?"

"छे! चेष्टेत कसा वापरतील?"

"लेखी द्या."

ताईंनी लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला.

"आता सोडाल ना त्याला?"

अधिकाऱ्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पहिल्यांदाच त्याने ताईंची नजर चुकवली.

"वाईट वाटतं, बाई. ते तर परोपरीने सांगत होते, हा हलका शब्द आहे, हवं तर ताईला विचारा." तो टोपी घालून उठला. "काल साहेबांनी त्यांना कविता म्हणायला वर बोलावलं, तेव्हा हात जोडून म्हणाले, 'साहेब, कवी तुम्ही. मी आपला कवडा.'"